योखेवेदबाईंचा एक तास

हैफाच्या शाळेत योखेवेदबाईंनी एकतीस वर्षं हिब्रू आणि बायबल शिकवलं. अकॉर्डियन त्याच वाजवायच्या, नाटकाचे पडदेही त्याच शिवायच्या. मग पक्षाघाताने त्यांचं बोलणं गेलं. चार महिन्यांनी त्या शाळेत आल्या, तेव्हा मुख्याध्यापक गिदोन म्हणाला, "बाई, आता आराम करा. वर्ग नोगा घेईल."

बाईंनी डाव्या हाताने चिठ्ठीवर लिहिलं, 'एक तास द्या.'

नोगा त्यांचीच विद्यार्थिनी, नुकतीच साहित्याची पदवीधर झालेली. बाईंची फजिती बघावी लागणार म्हणून ती खाली मान घालून मागे बसली. शेजारी गिदोन उभा होता.

बाईंनी बायबलमधलं रूथचं पुस्तक उघडलं. शब्द फुटेना.

"बाई, आवाज घरी विसरलात?" कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

बाईंनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनागृहात, रूथ ज्या चालीवर वाचतात, ती चाल त्या गुणगुणल्या. चालीवर शब्द आले, एकामागून एक, स्वच्छ. अख्खं पान त्या गायल्या.

नोगा थक्क झाली.

"छान, बाई. पण पोरांना दटावणार कसं?" गिदोनने विचारलं.

त्याच चालीवर उत्तर आलं, "गिदोन, सातवीत बसायचास तसा गप्प बस!"

गिदोन बसला. नोगाने वेळापत्रकावरचं आपलं नाव खोडलं.