दसऱ्यापर्यंत थांबलो आणि ऐंशी पैशांचे चाळीस झाले

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने सोमवारी दुपारी ईमेलने कळवलं, की आमच्या पॉइंट्सना जुना दर मिळणार नाही. ते जुन्या दराच्या काळात जमवलेले असले तरी नाही. 'सदर निर्णय अंतिम समजावा' हे शेवटचं वाक्य. खाली नाव नाही, नुसता हुद्दा आहे. या उत्तरासाठी मी डोंबिवली ते शिलाँग हा प्रवास लिहायचा थांबवला होता. आता थांबण्याचं कारण उरलं नाही.

क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर फिरायचा विचार असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. शिलाँग सुंदरच आहे. पण मी आज रागात आहे आणि तो राग तुमच्या कामाचा आहे.

आमच्या इमारतीत नऊ बायकांची भिशी आहे. पूर्वी पैशांची होती. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर तिची पॉइंट्सची भिशी केली, आणि ती कल्पना माझी होती हे आधीच सांगून टाकते. नऊ घरांची मोठी खरेदी माझ्या कार्डावर व्हायची. कुणाचा फ्रिज, कुणाच्या नातवाची शाळेची फी, कुणाचा विम्याचा हप्ता. प्रत्येक जण तेवढे रोख पैसे माझ्या हातात ठेवायची, मी बिल वेळेवर भरायची. जमलेले पॉइंट्स विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलायचे आणि चिठ्ठी जिची निघेल तिने विमानाने जाऊन यायचं.

एका पॉइंटची किंमत किती, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. मी हिशेब करून दाखवला, तो आजही बरोबर आहे. तिकिटाचा रोख भाव घ्या. माइल्सवर तिकीट काढलं तरी जो कर खिशातून भरावा लागतो, तो त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. गुवाहाटीचं एका बाजूचं तिकीट नऊ हजार, कर एक हजार, माइल्स दहा हजार, आणि एका पॉइंटला एक माइल. म्हणजे पॉइंटला ऐंशी पैसे. 'ऐंशी पैसे धरा,' असं मी सगळ्या जणींना सांगितलं. 'आज' हा शब्द त्या वाक्यात घालायला मी विसरले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांतून नेमका हाच शब्द सुटलेला शोधून काढायचा पगार घेत होते.

गणपतीनंतर भांडं भरलं. बेचाळीस हजार पॉइंट्स, म्हणजे दोन माणसांची जायची-यायची चार तिकिटं आणि वर थोडे. त्याच दिवशी चिठ्ठी काढायला हवी होती. पण पितृपक्ष लागला होता, त्यात कोण चिठ्ठी काढणार? मग नवरात्र आलं, निम्म्या जणींचे उपास. शेवटी दसरा ठरला, सोनं लुटायचा दिवस म्हणून. दसऱ्याला चिठ्ठी निघाली ती चौथ्या मजल्यावरच्या मंगलकाकूंची, आणि अख्ख्या दिवाणखान्याने टाळ्या वाजवल्या.

काकू इथल्याच. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती त्यांच्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती. जमिनीचा पैसा आला, मिस्टर गेले आणि सगळे व्यवहार दोन मुलांच्या हातात गेले. काकूंना काही कमी नाही. फक्त प्रत्येक गोष्ट मागावी लागते. मुलगी शिल्पा शिलाँगला असते, जावयाची सरकारी नोकरी. नात ओवी दोन वर्षांची झाली, काकूंनी तिला फक्त फोनवर पाहिलेलं. काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ट्रेनचा लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको सांगितलेला. थोरला मुलगा दर वेळी म्हणायचा, 'बघू नंतर.' धाकटा म्हणायचा, 'पॉइंट-बिंट काय नसतं, आई. तुला गंडवतात.' चिठ्ठी हातात धरून काकू म्हणाल्या, "कोणाकं मागायचं नाय. माझ्या भिशीनं जाते." एकट्या कधी विमानात बसलेल्या नव्हत्या, म्हणून सोबतीला मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲप उघडलं. दोन पॉइंट्सला एक माइल. दर एक तारखेपासून बदलला होता आणि दसरा दोन तारखेला होता. सूचना आली होती का? आली होती, पंधरा दिवस आधी. विषय होता 'सणासुदीची खास भेट', आत दिव्यांचं चित्र, मिठाईवरची सवलत, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत नवा दर. पितृपक्षात आम्ही चांगल्या मुहूर्ताची वाट बघत होतो, तेव्हा बँकेने तिचा मुहूर्त साधला.

त्यामुळे प्रवासाचा पहिला टप्पा शिलाँगच्या उलट दिशेला झाला. ठाण्याला, बँकेच्या शाखेत. काकू हट्टाने बरोबर आल्या. स्टेशनचे जिने त्यांना झेपत नाहीत, म्हणून शिळफाटा-मुंब्रामार्गे गाडी केली. साडेपाचशे रुपये आणि पावणेदोन तास, त्यातला पाऊण तास शिळफाट्यावरच. शाखेत एसी गार, माणसं त्याहून गार. समोर तिशीतला अधिकारी.

"मॅडम, पॉइंट्स म्हणजे काही पैसे नाहीत ना," तो म्हणाला.

"मग तुमच्या ॲपवर पॉइंट्सच्या शेजारी रुपयाचं चिन्ह का होतं?"

"तिथे 'एक रुपयापर्यंत' लिहिलंय, मॅडम. 'पर्यंत'."

"बिल्डर पण असंच बोललेला," काकू म्हणाल्या. "सातशे फुटापर्यंत. तो पर्यंत काय अजून पोचला नाय."

अधिकारी हसला. मी नाही हसले. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली. बाहेर पडून स्टेशनजवळ वडा-उसळ खाल्ली, दोघींचे मिळून दीडशे रुपये. त्या दिवशी पैशांच्या मोबदल्यात नेमकं कबूल केलेलं मिळालं ते तिथेच. उसळ तिखट होती.

बेचाळीस हजार पॉइंट्सचे एकवीस हजार माइल्स झाले. म्हणजे दोघींची जायची तिकिटं, आणि यायचं काही नाही. कर भरला, बदलीचं शुल्क म्हणून बँकेने वर शंभराहून जास्त रुपये घेतले. पुन्हा भागाकार केला, चाळीस पैसे. मी काकूंना म्हटलं, परतीचं मी काढते, नाहीतर माइल्सवर तुमचंच जायचं-यायचं काढू आणि माझं मी भरते, चूक माझीच आहे.

"तुझं कशाला? आमी काय भीक मागतो काय गो?"

"मग थोरल्याला सांगूया?"

"त्याला सांगितलं तर तो जाऊच देणार नाय. आधी पोचू. मग बघू."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. सकाळी साडेपाचला डोंबिवलीहून गाडी, मुंबई विमानतळापर्यंत चौदाशे. तपासणीत काकूंची पिशवी अडकली. आत सुकट आणि सुके बोंबील, चार पिशव्यांत गुंडाळून. जवानाने वास घेऊन नाक आवळलं. "ये क्या है, माताजी?" काकू म्हणाल्या, "सुकट हाय बाबा. नातीला. घे, बघ." त्याने पिशवी दोन बोटांनी पुढे सरकवली. सुकी मासळी नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत टाका, हा सल्ला फुकट.

विमानात काकूंना खिडकी दिली. ढगांवर आल्यावर त्यांनी मागे वळून सगळ्या रांगा पाहिल्या आणि मला विचारलं, "यातली किती माणसं आपल्यासारखी पॉइंटवाली?" मी म्हटलं, माहीत नाही. "त्यांना पण अर्धे केले असतील?" मी म्हटलं, हो.

गुवाहाटी विमानतळाहून शिलाँगला शेअरिंगच्या गाड्या जातात, माणशी पाचशेच्या आसपास. पण पाठ जपायची म्हणून अख्खी टॅक्सी केली, अठ्ठावीसशे. रस्ता चांगला, साधारण साडेतीन तास. नोंगपोहला थांबाच, तिथला अननस तिखट-मीठ लावून देतात, वीस रुपयांना. पुढे उजवीकडे उमियमचं मोठं पाणी दिसतं. काकूंनी डोंगरउतारावरची भाताची खाचरं पाहिली आणि ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लावली. "कापणी झाली यांची," एवढंच म्हणाल्या.

ओवीने आधी आजीला ओळखलंच नाही. दाराआडून बघत राहिली. शिल्पा म्हणाली, "अगं, फोनमधली आजी!" तेव्हा ती आत पळाली, फोन घेऊन आली आणि तो काकूंच्या तोंडासमोर धरून खात्री करायला लागली. काकू जमिनीवर बसू शकत नाहीत, तरी बसल्या. उठताना आम्हा दोघींना हात द्यावा लागला.

शिलाँगचे पाच दिवस मी थोडक्यात सांगते, कारण माहिती सगळीकडे मिळते. नोव्हेंबरात चेरीची झाडं गुलाबी होतात, स्वेटर हवाच. पोलीस बाजार या मुख्य बाजारपेठेत जेवण दीडशे-दोनशेत होतं. सांगण्यासारखं एकच, मोठ्या बाजारातली सुक्या मासळीची गल्ली. काकू तिथे जाऊन थांबल्या. विकणारी खासी बाई त्यांच्याच वयाची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काकूंनी एक मासा उचलला, मोडला, वास घेतला आणि मान हलवली, ओलसर आहे म्हणून. त्या बाईने हसत आतला डबा काढला. दहा मिनिटं दोघी मासे मोडत आणि माना डोलवत बसल्या होत्या. घरी आल्यावर काकू शिल्पाला म्हणाल्या, "ती मना पहिला वाईटच माल देत व्हती. पण पकडल्यावर चांगला काढला. बँकेवाल्यानं तेवढं पण नाय केलं."

परतीचा प्रश्न चौथ्या दिवशी आला. विमानाचं तिकीट आता साडेअकरा हजार झालं होतं. शिल्पाने फोन उचलला, "आई, मी काढते. विषय संपला."

"लेकीच्या पैशानं घरी जाऊ काय?"

"मग दादाला लावते फोन."

"लाव. म्हणजे बोलेल, बघ, गंडवली ना."

शिल्पा माझ्याकडे बघायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. तिची आई विमानाने इथवर आली ती माझ्या भागाकारावर विश्वास ठेवून. काकूंकडे कमरेच्या पिशवीत साडेतीन हजार रुपये होते, स्वतःचे. ट्रेनचं थ्री एसी बावीसशेच्या आसपास. त्यांनी ते मोजून माझ्या हातात दिले. खालचा बर्थ मिळाला, एवढंच नशीब. गुवाहाटी ते कल्याण, दोन रात्री आणि दोन दिवस.

त्या गाडीत मी जी चिडले, ती अजून उतरलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून काकूंना बसवेना. कूस बदलायची तर मी पाठीखाली हात घालायचा आणि त्यांनी दात आवळायचे. डॉक्टरांनी जे नको सांगितलं होतं तेच आम्ही करत होतो, कारण कुणीतरी एका कार्यालयात बसून एका रकान्यात एकच्या जागी दोन लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्याला काकू माहीत नाहीत. त्याला 'ग्राहकांच्या खात्यांत पडून असलेले पॉइंट्स' माहीत आहेत. पण ते पडून नव्हते. नऊ घरांनी सव्वा वर्ष एकेक खरेदी माझ्या कार्डावर आणून ते साठवले होते. त्या प्रत्येक खरेदीवर दुकानदाराकडून बँकेने आपला वाटा रोख घेतला. तो वाटा कधी निम्मा झाला नाही.

आणि चूक आमचीही झाली, ती मोकळेपणी लिहिते. आम्ही पॉइंट्स सोन्यासारखे साठवले. भिशीची सवयच ती, भांडं भरेपर्यंत हात लावायचा नाही. सोन्याचा भाव सराफ एकटा ठरवत नाही. पॉइंटचा भाव देणाराच ठरवतो, त्याला हवा तेव्हा. म्हणून तिकिटापुरते जमले की त्याच दिवशी वापरा. नवे पॉइंट धरताना मी काढली तशी किंमत काढा आणि तिच्या निम्मीच खरी धरा. बँकेचा सणाचा ईमेल तळापर्यंत वाचा.

इटारसीच्या पुढे कुठेतरी काकू छताकडे बघत म्हणाल्या, "माधुरी, रस्त्यालगतचे दोन गाळे माझ्या नावावर हायत."

"मग भाडं?"

"थोरला घेतो. मी सही करते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सही माझी लागते ना गो?"

मी म्हटलं, लागते.

कल्याणला दुपारी उतरलो. थोरला गाडी घेऊन आला होता, शिल्पाने शेवटी कळवलं होतंच. आईला दोन पायऱ्या उतरताना पाहून तो माझ्यावर ओरडला, फलाटावर, सगळ्यांदेखत. "काकी, तुम्ही शिकलेली माणसं ना?" मी काकूंची पिशवी उचलली.

काकू आठवडाभर पडून होत्या. पट्टा लावून आता घरात फिरतात. ओवी रोज संध्याकाळी फोन करते आणि आता फोनमध्ये बघून आजीला 'बस, खाली बस' म्हणते. मला आठवतात ते त्यांचे जमिनीवर दुमडलेले गुडघे आणि ट्रेनमधले आवळलेले दात, दोन्ही एकदम. पाच दिवस खरे होते, त्यांची किंमत कुठल्या भागाकाराने निघत नाही. म्हणून बँकेला सूट मिळते असं नाही.

तक्रार मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे पाठवली आहे. उत्तर यायला वेळ लागेल आणि ते आमच्या बाजूने येईलच असं नाही. भिशी येत्या शनिवारी चारला माझ्याकडे बसेल. सहा जणींनी पुन्हा रोख पैशांवर यायचं असं आधीच कळवलंय, त्यामुळे तसंच ठरेल. काकूंनी त्यांचा हप्ता द्यायचा कबूल केलाय. तो कुठून देणार, हे मी विचारलं. गाळ्यांच्या भाडेकरूला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलंय, की पाच तारखेला भाडं घेऊन चौथ्या मजल्यावर यायचं आणि त्यांच्याच हातात द्यायचं. पाच तारीख शुक्रवारी आहे. थोरल्याला हे अजून माहीत नाही.