आबांच्या जीपसाठी आणलेल्या तीन लायटी

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, जिला गॅरेज म्हणतात, ती खरं तर वरवे गावातल्या आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड, आणि आत त्यांची जुनी जीप. त्या जीपनं नसरापूरपासून पालीपर्यंत उभा जन्म माणसं वाहिली. आता ती कुठं जात नाही, तरी आबा रोज बॉनेट उघडतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी ब्रेक ऑईलच्या जागी भलतंच ऑईल ओतलं आणि माझा भाऊ भडकला. दिसत नसेल तर जीप विकून टाकू, म्हणाला. आबांचं जेवणावरचं मनच उडालं.

मला भावाचा असा राग आला म्हणता! अहो, शेडमध्ये चाळीसचा पिवळा बल्ब, त्यात तरण्याताठ्यालाही काय दिसणार? मी भोरच्या ओळखीच्या दुकानातून तीन एलईडी लायटी उचलल्या, पसंत नाही पडल्या तर परत करायच्या बोलीवर. एक लांब ट्यूब, एक तीन पात्यांचा बल्ब आणि लग्नाच्या मांडवात लावतात तसला फोकस.

तिन्हीसांजेला आम्ही दोघं एकेक लावून बघायला लागलो. दिवा लागला की हात जोडायचे, ही आबांची जन्माची सवय. ट्यूब लागली, हात जोडले. बल्ब लागला, पुन्हा जोडले. देवाला एका संध्याकाळी किती वेळा हाका मारता, म्हणून मी त्यांची चेष्टा केली. ट्यूबमुळं इंजिनावर त्यांच्याच डोक्याची सावली पडत होती. बल्बाची पाती वळवून उजेड हवा तिकडं नेता येत होता, पण तो त्यांना कमी वाटला. मग मी मोठ्या तोऱ्यात फोकस लावला. शेड लख्ख उजळली.

आबांनी हात जोडले आणि त्याच हातांनी डोळे झाकले. म्हणाले, "बंद कर. ह्यात तर काईच दिसंना. नुसतं धुकं."

जास्त उजेडात कमी कसं दिसेल, म्हणून मी वैतागलेच. फोकस बंद केला. आबा बॉनेटला टेकले आणि हळू आवाजात बोलले.

"लायटीचा दोष न्हाई, पोरी. तू आलीस तरी आवाजावरनं वळकतो. तुज्या भावाला सांगू नगंस, जीप जाईल माजी."

मला भडभडून आलं. पण गप्प बसेन तर ती मी कसली! सकाळीच डोळे दाखवायचे, असं आबांना बजावलं, आणि जीपला हात लावशील तर गाठ माझ्याशी आहे, असं भावाला फोनवर सुनावलं. आबांच्या डोळ्यांचं ऐकून तो बिचारा रडायलाच लागला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकामागून एक ऑपरेशनं झाली. दुसरं उरकून घरी आल्यावर आबा थेट शेडमध्ये गेले. मी तीन पात्यांचा बल्ब लावून दिला होता. मला वाटलं, आता बॉनेट उघडतील. पण ते माझ्याकडंच बघत राहिले.

"लई पांढरं झालं गं डोस्कं तुजं," आबा म्हणाले. "कवा झालं?"