लेझीम पुन्हा हातात घेण्याआधी

तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "प्रोलॅप्स आहे." म्हणजे बायका ज्याला कुजबुजत 'अंग बाहेर येणं' म्हणतात ते. गर्भाशय जागेवरून खाली सरकतं. माझं थोडंच सरकलं होतं. पण मी महाडच्या शाळेत पी.टी.ची बाई. शिवाय चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीचं लेझीम पथक माझ्याच शिट्टीवर चालायचं. ते आता कायमचं सुटणार, या विचारानं मी हबकले.

बाळंतपणाला मी बिरवाडीला आईकडे होते. संध्याकाळ झाली की खाली काहीतरी जड लोंबतंय असं वाटायचं. खोकलं की कपडे ओले. बाळंतिणीला असं व्हायचंच, म्हणून मी गप्प बसले.

खरं तर मायलेकींनी मिळूनच घोळ घातला होता. आई जुन्या लुगड्याचा पट्टा माझ्या पोटावर करकचून बांधायची. "आवळून घे गो, नायतर पोट सुटंल." मला ते पटायचंच. पोट सुटलेल्या बाईचं पी.टी.त कोण ऐकणार? त्या पट्ट्यासकटच मी दार लोटून पोटाचे व्यायाम सुरू केले होते. अती तिथे माती. जडपणा वाढत गेला, तेव्हा कुठे मी दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "उशी मधोमध आवळली तर कापूस कुठे जातो?" पट्टा, उड्या, भरलेले हंडे, सगळं बंद झालं. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाला खालून तोलून धरणारे स्नायू, त्यांचा व्यायाम त्यांनी शिकवला. लघवी रोखल्यासारखं आत ओढून धरायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सैल सोडायचं. घाम नाही, धाप नाही, हा कसला व्यायाम, असं मला वाटलं. पण हळूहळू खोकला आला तरी कपडे कोरडे राहू लागले. मग चालणं वाढवलं.

एका दुपारी मी चटईवर पडून तेच करत होते. आई शेजारी तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "माझ्या वयाला जमंल का गो? माझं पन अंग भायेर येतं. तुझा भाव झाला तवापासनं."

भाऊ तेव्हा मुंबईत नोकरीला लागला होता. म्हणजे इतकी वर्षं आईनं तसंच वाकून भात लावला होता, भारे वाहिले होते. मला रडू आवरेना.

तिलाही डॉक्टरबाईंकडे नेलं. तिचा त्रास नुसत्या व्यायामानं भागणारा नव्हता. त्यांनी रिंग पेसरी बसवली, म्हणजे गर्भाशय वर धरून ठेवणारी कडी, आणि ती तपासायला येत राहा म्हणून बजावलं. नव्या बाळंतिणींनो, जड वाटलं तर लाजू नका, दाखवा. आणि जाताना आईलाही एकदा विचारा.

एप्रिलमध्ये मला परवानगी मिळाली, उड्या सोडून. मी चालत चालतच लेझीम खेळले आणि मनापासून खेळले. आई दरवर्षी मिरवणुकीला बिरवाडीहून यायची, पण चौकातूनच मागे फिरायची, गुडघ्यांचं नाव सांगून. त्या वर्षी मिरवणूक विसर्जित झाली तेव्हा मी वळून पाहिलं, तर ती बायकांच्या रांगेत उभी होती.

"एवढ्यात संपली गो?" तिनं विचारलं.