मागच्या पत्र्यावरचा एक ठोका

या सदरातले अतर्क्य अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचतोय. खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचो. सॉफ्टवेअर टेस्टिंग हे माझं काम. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते घडलंच नाही असं धरायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यात मी मुळात बोलका नाही. हे लिहायलासुद्धा मला मेधाने, माझ्या बायकोने, जवळजवळ हाताला धरून बसवलंय.

आम्ही नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला राहतो. काही वर्षांपूर्वी इथल्या लोकांचं बघून आम्हीही एक जुनी कॅराव्हॅन घेतली. गाडीमागे जोडायची, आत दोन पलंग, गॅसची शेगडी, बेसिन. पण ती घरासमोर फार दिवस उभी करता येत नाही, नगरपालिकेचं पत्र येतं. म्हणून ती गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये असते, इतर कॅराव्हॅनांबरोबर, गुरं बांधावीत तशी ओळीने.

दादा, माझा थोरला भाऊ, एसटीत कंडक्टर होता. वहिनी गेल्यावर एकटा पडला म्हणून आम्ही त्याला तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. कॅराव्हॅन बघितली आणि तो पोरासारखा खूश झाला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. झालं! रोज जेवणं आटोपली की टेबलावर नकाशा.

"हॅम्बुर्गला चहापाणी," तो चष्मा सारखा करत म्हणायचा, "आणि कोपनहेगनला गाडी मुक्कामी."

"दादा, मध्ये एवढे थांबे नकोत हो," मेधा म्हणायची. "सरळ जाऊ."

"विनाथांबा? मग उद्या विनावाहकही म्हणशील. मी कशाला येऊ मग, डिझेल बघायला?"

निघण्याआधी सराव म्हणून आम्ही एक शनिवार-रविवार जंगलातल्या एका कॅम्पिंगला गेलो. तिथे मी कॅराव्हॅन रिव्हर्स घेताना दादा मागे उभा राहिला आणि एसटीच्या सवयीने पत्र्यावर हाताने ठोके द्यायला लागला. दोन ठोके म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. इतकी सुबक लागली गाडी, की मीच चकित झालो. पण तो तेवढ्यावर थांबेना. संध्याकाळपर्यंत जो येईल त्याच्या मागे हा हजर — "येऊ द्या, येऊ द्या... बास!" आणि लोकांच्या नव्याकोऱ्या कॅराव्हॅनांवर धपाधप हात. एक डच बाई हसत होती. एक गृहस्थ मात्र खाली उतरले, पत्र्यावरून बोट फिरवून पोचा आलाय का ते बघितलं, आणि मला — दादाला नाही, मला — म्हणाले, "तुमच्या वडिलांना जरा सांभाळा."

मला लाज वाटली. त्या गृहस्थाची नाही... दादाची. बनियनवर बाहेर उभं राहून खाकरत चूळ भरणाऱ्या माझ्या भावाबरोबर तीन आठवडे, देशोदेशीच्या लोकांसमोर — नको, असं वाटलं. हे मी तेव्हा कुणालाही बोललो नाही.

परत आल्यावर मी सांगितलं, कॅराव्हॅनचा ॲक्सल गेलाय, पार्ट यायला दोन महिने लागतील. "असू दे रे," दादा म्हणाला, "लोखंडच ते. मोडायचंच." मग त्याने नकाशाची घडी घातली, त्याच्या मूळच्या घड्यांवरून, अगदी नीट.

व्हिसा संपला, तो गेला. त्याच हिवाळ्यात झोपेतच गेला. मी दहाव्याला पोचलो.

त्यानंतर कॅराव्हॅन शेडमध्येच होती. गेल्या वर्षी मेधानेच विषय काढला, नॉर्वेला जाऊ या, दादांचं राहिलंय ते. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. मेच्या एका लख्ख सकाळी आम्ही ती आणायला गेलो. शेड उघडून, कॅराव्हॅन बाहेर उन्हात ओढून देऊन शेतकरी ट्रॅक्टरवर निघून गेला. मी कॅराव्हॅन जोडली, मेधाने मागचे दिवे बघितले, येऊन माझ्या शेजारी बसली. मी गाडी हलवली.

मागे पत्र्यावर ठोका. एकच.

ब्रेक मारला. उतरून मागे गेलो — कुणी नाही. मोकळं काँक्रीट, लांबवर तो ट्रॅक्टर. कॅराव्हॅनचे टेकू वर घेतलेले होते, दार बंद, खिडकीतून बघितलं तर आत काही पडलेलं नाही. पुन्हा बसलो, क्लच सोडला. पुन्हा एकच ठोका. उघड्या तळहाताचा. या वेळी मेधा म्हणाली, "कोण आहे रे मागे?"

म्हणजे तिलाही ऐकू आला होता.

मी इंजिन बंद केलं. तिथेच कॅराव्हॅनच्या पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. ॲक्सल, लाज, सगळं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती येऊन माझ्या शेजारी टेकली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "तू ऑफिसात होतास तेव्हा मला घेऊन आले होते इथे, सायकलवर डबलसीट. खाली झोपून बघितलं त्यांनी. अंगाला सगळी माती. म्हणाले, ठणठणीत आहे. त्याला काही बोलू नकोस, ओशाळेल."

"मग तू... इतकी वर्षं?"

"मला वाटायचं, तू सांगशील."

मग पुन्हा गाडी सुरू केली तेव्हा काहीच झालं नाही. आम्ही नॉर्वेला जाऊनही आलो. रस्ताभर, दर वेळी निघण्याआधी मी काच खाली करायचो. मेधा बघायची. टोकाला पोचलो तर ढग. सूर्य दिसलाच नाही.

एनस्खेडेच्या विद्यापीठात माझा मित्र आहे, धातूंवर संशोधन करतो. तो म्हणतो, थंड शेडमधून उन्हात आला की पत्रा वाजतो. असेलही. त्यानंतर मी तीनदा तशाच उन्हात, तशीच कॅराव्हॅन शेडबाहेर काढून पाहिली. नाही वाजला.

पण माझं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. लहानपणी दादाच्या गाडीतून जाताना मी एकदा त्याला विचारलं होतं, एक बेल दिली की ड्रायव्हरला कसं कळतं, कुणी उतरणार आहे का चढणार आहे? दादा म्हणाला होता, "कळत नाही. त्याने फक्त थांबायचं."

मी थांबलो. उतरून मागे गेलो. दार बंद आहे ना, एवढं बघितलं... आणि ते उघडायचं मला सुचलंच नाही.