भिंत तापव
दुपारी पाठ टेकते ती फक्त पाच मिनिटं म्हणून. बाळंतिणीच्या खोलीत खिडकीखाली शिसवी पलंग, खाली सतरंजी टाकलेली, एका बाजूला कोळशाचं पोतं, दुसऱ्या बाजूला उसना आणलेला विजेचा हीटर आणि मधे मी, अजून काहीच न ठरवलेली. माझी पल्लवी संध्याकाळी तेरा दिवसांची लेक घेऊन सासरहून, अमरावतीहून येतेय. चिखलदऱ्यात डिसेंबरात बादलीतलं पाणी हाताला चावतं. विहीणबाईंनी फोनवर बजावलंय, "पोरगी एकदा जरी शिंकली तर दुसऱ्याच दिवशी खाली घेऊन येईन." त्या बोलतात तसं करतात. नऊ महिने वाट पाहिलेली नात मी एका शिंकेपायी जाऊ देणार नाही. डोळे मिटतात, उघडतात. उन्हाचा पट्टा दारापर्यंत सरकलाय आणि दारात हे उभे आहेत.

हे म्हणजे पल्लवीचे वडील, गुणवंतराव. एकतीस वर्षं डाकबंगल्यावर खानसामा होते. जाऊन चार वर्षं झाली.

"झोपून काय राह्यली? पाहुनी येऊन राह्यली ना घरी," ते म्हणतात.

"तुमाले कोनं सांगितलं?"

"साऱ्या गावाले मालूम हाय. मलेच नसन काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही. गेलेला माणूस इतका खुशीत असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांना पाहून मलाही उठून नाचावंसं वाटतं. विचारण्यासारखं चार वर्षांचं साठलंय, पण माझं डोकं अडकलंय भलतीकडेच. "लाइट दिवसातून चार वेळा जाते," मी म्हणते. "लाकडाचा धूर होते. शेगडीत कोयसाच घालू का?"

त्यांचं हसू जातं. आणि एकदम ती जुनी रात्र, माझ्या कुशीत अठरा दिवसांची पल्लवी आहे. डाकबंगल्यातले उरलेले निखारे हे घमेल्यातून घरी आणतात, दार-खिडकी लावतात, फटींमधे चिंध्या कोंबतात. सगळं मायेनंच. कोंडलेल्या हवेत माझं डोकं जड होतं. पल्लवी रडायची थांबते. मग हे आम्हा दोघींना उचलून अंगणातल्या थंडीत नेतात आणि बऱ्याच वेळानं ती टाहो फोडते. त्यानंतर या माणसानं आपल्या घरात निजायच्या खोलीत कधी विस्तव आणला नाही.

"साहेबांच्या खोल्या तापवता अन् आमाले मारता, असं बोलली होती मी," मी म्हणते. "ते मागं घेते. तुमी होते तवा जमलं नाई."

"राहू दे. उशीर झाला त्याले. चाल, काम हाय."

आम्ही डाकबंगल्याच्या दोन नंबरच्या खोलीत आहोत. ते माझा तळवा भिंतीवर दाबून धरतात. भिंत ताज्या भाकरीइतकी गरम.

"जाळ तीन नंबरात लागे," ते सांगतात, "पन सारे साहेब दोन नंबरच मांगत. काऊन? धूर नाई, राख नाई, नुसती ऊब. भिंत तापव, खोली नको."

भिंतीला टेकून लाकडांच्या राशी आहेत, आभाळाला लागलेल्या. आम्ही जंगलखात्याच्या डेपोत फिरतोय आणि हे बाजारात भाजी निवडावी तशी लाकडं निवडतायत. "टेंभुर्न नको, ठिनग्या उडवते. सालई भसकन पेटते अन् भसकन विझते. धावडा घे. दोन सालं वाळलेला. एकदा पेटला का सकाळपर्यंत धग धरते."

"मागच्या पडवीत हाय तो. तुमीच रचून ठेवलेला."

"मंग? लेकरू माहेरी येनार अन् तू बाजारातला कोयसा आनते?"

मला इतकं हसू येतं की डेपोचा पहारेकरी वळून पाहतो. खरंच की. घरी चुलीची भिंत आणि बाळंतिणीच्या खोलीची भिंत एकच. चुलीवर धुराडं आहे. पस्तीस वर्षं त्या भिंतीशी संसार केला आणि सुचलं नाही.

पण शिसवी पलंग आहे खिडकीखाली, त्या भिंतीपासून लांब. तो हलवायला दोन गडी लागतात. हे पायथ्याशी वाकलेले आहेत. "उशाकडून धर. उचल, ओढू नको."

"उचलत नाई मले. कंबर गेली."

"सारी जिंदगी ओढतच आली तू," ते म्हणतात, कुरकुरत नाही, लाडानं. "बरं, ओढ. अन् खिडकी चार बोटं उघडी ठेव."

"विस्तव तर पलीकडं राहीन."

"तरी. माह्या जीवासाठी."

"थांबा ना संध्याकाळलोक. नातीले पाहून जा."

"पाह्यली मी तिले. नाक तुह्यं हाय, बिचारीचं."

फोन वाजतो. मी सतरंजीवर उठून बसते.

पलंग चुलीच्या भिंतीला लागलेला आहे. मी गुडघ्यांवर येऊन फरशी पाहते. उशाच्या पायांखालून खिडकीपासून भिंतीपर्यंत दोन ताजे ओरखडे गेलेत. पायथ्याच्या बाजूला एकही ओरखडा नाही. मी त्या कोऱ्या फरशीवर हात फिरवते आणि रडू येतं, आणि त्याच वेळी पडवीतला धावडा आणायला पाय शिवशिवतात.

"माय, आमी परतवाडा सोडलं," पल्लवी फोनवर म्हणते. "खोली तापन ना?"

"तापन," मी म्हणते. "तुह्या बाबानं अन् म्या आत्ताच पलंग सरकवला."