घरी थोडं बरं नाही

आमच्या बोर्डिंगातले आता चार-पाच म्हातारेच उरलो आहोत. कुणाच्या लग्नात नाहीतर बाराव्याला भेटतो, चहा येतो आणि किस्से सुरू होतात. इतर शाळांतली माणसं क्रिकेटच्या मॅची सांगतात, गॅदरिंगची नाटकं सांगतात. आमचे किस्से बहुतेक मयताचे! एक निघाला की दुसरा निघतोच. सुना दारातून डोकावतात, हे म्हातारे हसतायत तरी कशाला म्हणून. त्यांना काय सांगणार, कप्पाळ?

लढाईचे दिवस होते. शहापूरच्या आमच्या हायस्कुलात दोन्ही तालुक्यांतली पोरं होती, शहापूरची आणि मुरबाडचीही. डोंगराकडची आम्ही सगळी बोर्डिंगात, म्हणजे कौलारू लांबलचक पडवीत. गावोगाव हिवताप, डॉक्टर लांब, क्विनाइन मिळेल तेव्हा मिळेल. त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या घरी मयत व्हायचंच. गावचा माणूस चालत येऊन निरोप सांगायचा. मग भिवा शिपाई त्या पोराला ऑफिसात घेऊन जायचा आणि हेडमास्तर ठरलेली तीन वाक्यं बोलायचे.

"घरी थोडं बरं नाही. जाऊन ये. सोबतीला हा येईल."

खरं काय ते सांगायचं नाही. ते घरी गेल्यावरच कळायचं.

*

ही पद्धत उगाच पडली नव्हती. आधी हेडमास्तर सरळ सांगत. एकदा भर पावसाळ्यात त्यांनी एका पोराला सांगितलं, "तुझे वडील गेले." पोरगं तसंच पळत सुटलं. एकटंच. वाटेतला ओढा दुथडी भरलेला, आणि ते थांबलं नाही.

त्या घरात एका आठवड्यात दोन मयतं झाली. हेडमास्तरांनी त्यानंतर कुणालाही खरं सांगितलं नाही आणि कुणालाही एकटं पाठवलं नाही.

*

पण पोरं काय खुळी होती? "थोडं बरं नाही" म्हणजे आटोपलं, हे सगळ्यांना पाठ. खरंच कुणी नुसतं आजारी असलं, तर हेडमास्तर बिनदिक्कत "फार आजारी" म्हणत.

एकदा मुरबाडकडच्या म्हसा गावच्या एका पोराला बोलावणं आलं. वर्गात चिडीचूप. गणिताचे मास्तर नवे, पुण्याहून आलेले. त्यांना काही कळेना. थोड्या वेळाने पोरगं उड्या मारत परत आलं आणि दारातूनच ओरडलं, "माजा बा लय आजारी हाय रे!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

मास्तरांनी अख्ख्या वर्गाला छड्या मारल्या. आम्ही आनंदाने खाल्ल्या.

*

सोबतीला बहुतेक वेळा मीच. कारण माझं तोंड! गॅदरिंगात विनोदी पार्ट माझा ठरलेला, सगळ्या मास्तरांच्या नकला मला यायच्या. हेडमास्तर म्हणाले, "जनार्दन, तू वाटेत बडबड कर. पोराला विचार करायला सवडच देऊ नकोस." कोण गेलं ते मलाही सांगत नसत. माझ्या तोंडावर दिसेल म्हणून.

पहिल्या खेपेला मी हेडमास्तरांचीच नक्कल काढली. त्यांचा खोकला, त्यांचं उपरणं, सगळं. तो पोरगा वाटभर पोट धरून हसला. गावाच्या वेशीवर बायकांचं रडणं ऐकू आलं, तसा मी गप्प झालो. मला वाटलं, आता हा मला मारणार.

तो म्हणाला, "मना ठावं व्हतं रे. पन खोकला झकास काढलास."

*

भिवाच्या टोपीचा किस्सा आम्ही दर वेळी सांगतो. भिवा नुसता वर्गाच्या दारात दिसला तरी पोरांचे चेहरे पांढरे व्हायचे. तो साधा फळा न्यायला आलेला असायचा! शेवटी हेडमास्तरांनी खूण ठरवून दिली. साधं काम असेल तर टोपी डोक्यावर, तसलं काम असेल तर टोपी काखेत.

एके दिवशी वारं सुटलं होतं आणि भिवाची टोपी उडून विहिरीत पडली. तो तसाच बोडक्याने आला. देवी टोचणारा डॉक्टर आलाय, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने पहिल्या बाकावरच्या पोराकडे बोट केलं, "चल रे, तुज्यापासून सुरवात."

पोरगं खिडकीतून उडी टाकून घराकडे पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई त्याला बखोटीला धरून शाळेत हजर! हेडमास्तरांसमोर पदर खोचून उभी राहिली. "मास्तर, मी जित्ती हाय, ह्याचा बाप जित्ता हाय. म्हस बी जित्ती हाय. कोन मेलाय त्ये सांगा!"

हेडमास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

*

कापडावर कंट्रोल आला, तेव्हा मयताला कापड मिळेना. एका पोराचा आजा गेला, आणि निरोप्याने सांगितलं की घरात पांघरूण घालायलाही धड काही नाही. हेडमास्तरांनी आमच्या नाटकाचा राजवाड्याचा पडदा काढायला सांगितला. खांब, झुंबरं, सिंहासन, सगळं रंगवलेलं. पोरांनी वर्गणी काढून करून घेतला होता तो.

पडद्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन मी निघालो. आता हे घेऊन "थोडं बरं नाही" कसं म्हणायचं, सांगा! तो पोरगा विचारी, "ह्यो कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या गावात तालीम करू." चालता चालता त्याने गुंडाळीचं एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं.

त्याच्या म्हाताऱ्या आजीने पडदा उलगडून पाहिला. म्हणाली, "जलमभर कुडाच्या घरात ऱ्हायला. जाऊ दे आता राजावानी."

त्या वर्षी आमच्या नाटकातला राजा नुसत्या भिंतीपुढे उभा राहून बोलला. कुणी हसलं नाही.

*

आता माझं सांगतो. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरी आई एकटी, डोळखांबच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. शेत तीच बघायची. बाजारच्या दिवशी गावचा माणूस आला की त्याच्याबरोबर नाचणीच्या भाकऱ्या पाठवायची. भाकरी हातात पडली की मी समजायचो, आई ठीक आहे.

बोर्डिंगात एक समजूत होती. सोबतीला जातो त्याचं घर शाबूत असतं. आजचं मयत दुसऱ्याचं ठरलं म्हणजे आपण सुटलो! भिवा टोपी काखेत घेऊन आला की मी पुस्तकात डोकं घालायचो. "सोबतीला जनार्दन" म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. म्हणून तर मला एवढी बडबड सुचायची.

त्या हिवाळ्यात आईला ताप येऊ लागला. दोन बाजार भाकरी आली नाही.

तिसऱ्या बाजाराच्या आधीच भिवा आला. टोपी काखेत. कुणाकडे न बघता म्हणाला, "गनपत, तू चल." गणपत माझ्या बाकावरचा. किन्हवलीच्या पलीकडे ठाकरांची वाडी, तिथला. महामुखदुर्बळ पोरगा, दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप! त्याचा बापही महिनाभर अंथरुणाला खिळलेला. थोड्या वेळाने भिवा परत आला. "जनार्दन, तू बी."

मी मोठा श्वास सोडला. आणि गणपतसाठी फार वाईट वाटलं, तेही खरं.

ऑफिसात गणपत खाली मान घालून उभा होता. हेडमास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. "घरी थोडं बरं नाही. दोघं मिळून जा." मी निघालो तशी त्यांनी हाक मारली. "जनार्दन, आज बडबड नाही केलीस तरी चालेल."

पण माझी सवय! गावाबाहेर पडल्याबरोबर मी सुरू झालो. गणिताचे मास्तर झाले, भिवा झाला, विहिरीतली टोपी झाली. गणपत हसेना. उलट मधेच तोच बोलायला लागला! मध कसा काढतात, खेकडा बिळात कुठे बसतो, त्याच्या बापाला वाघाने कशी हुलकावणी दिली. मी एक सांगतोय तोवर हा दुसरंच काढतोय. दोघं एकमेकांना बोलू देईनात. मला वाटलं, बिचारा घाबरलाय, म्हणून तोंड चाललंय. माझं दप्तरही त्याने मागून घेतलं. मी दिलं, तेवढाच त्याचा जीव रमेल म्हणून. शिदोरी सोडली तेव्हा भाकरीचा मोठा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. "खा रे," म्हणाला. "म्होरं खायाला सुचायचा नाय."

शेणव्याच्या पुढे वाट फुटते. एक जाते किन्हवलीवरून मुरबाडला, दुसरी डोळखांबला. मी बोलत बोलत किन्हवलीच्या वाटेला लागलो. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं, गणपतचा आवाज येत नाही.

मागे वळून पाहिलं. माझं दप्तर छातीशी धरून तो डोळखांबच्या वाटेवर उभा होता.

"जना," तो म्हणाला, "हिकडं रे."