हेडमास्तरांची परवानगी

माझ्या भावाला, अण्णाला, आणि त्याच्या दोन मित्रांना बंगळूरहून सायकलीनं म्हैसूरला जायचं होतं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. लष्करातला एक जुना तंबू हाती लागला होता. तो ठोकायला वाटेत फुकट जागा हव्या होत्या. तिन्ही वाघांनी महिनाभर नकाशावर बोटं फिरवली, जागा एकही ठरली नाही.

मी म्हटलं, "गावोगावच्या शाळांना लिहूया. सुट्टीत आवारं रिकामी असतात, विहीरही असते. पत्रं मी लिहिते, पण मीसुद्धा येणार." मला सायकल येत होती, आणि आमची बसवनगुडीची वस्ती सोडून मी कुठं म्हणून गेले नव्हते. अण्णा म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक आहे.

पत्रं कन्नडमध्येच लिहायला हवी होती. अण्णा कँटोनमेंटातल्या इंग्रजी शाळेत शिकलेला. मी गल्लीतल्या कन्नड शाळेत, कारण मुलीवर खर्च कशाला! तो कन्नड फडाफडा बोलायचा, पण दुकानाची पाटी वाचताना घाम फुटायचा. चार हेडमास्तरांची कार्डं आली, माझ्या नावावर. चौघांचाही होकार.

मग बाबांना साक्षात्कार झाला की मुलीनं उन्हातान्हात सायकल हाणणं बरं दिसत नाही. अण्णानं लगेच मान डोलावली. मी आत जाऊन रागानं रडले, आणि तो माझी कार्डं खिशात घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं परत, डासांनी फोडून काढलेले. "त्या रस्त्यावर जागाच मिळत नाहीत," अण्णानं पानावर बसून जाहीर केलं. "लोकच वाईट." बाबांना पटलं. आईनं जास्तीचं तूप वाढलं.

आठवड्यानं पहिल्या गावच्या हेडमास्तरांचं कार्ड आलं. मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तीन तरुण तुमचं कार्ड घेऊन आले होते. एकजण स्वतःला तुमचा भाऊ म्हणवत होता. कार्ड वाचून दाखव म्हटलं, तर म्हणाला चष्मा घरी राहिला. कार्ड चोरलेलं दिसलं, म्हणून फाटकातूनच घालवलं. तुम्ही केव्हा येताय?

"तुला रे कधी चष्मा लागला?" आईनं विचारलं. अण्णा ताकभात कालवत राहिला.

शेवटी बाबा म्हणाले, "बरं, जा तू. पण एकटी नको. अण्णाला ने सोबतीला."

नेलं. चारही शाळांच्या फाटकांवर तो माझ्या मागं उभा राहायचा, आणि मी हेडमास्तरांना सांगायचे, हा माझा भाऊ, माझ्या रक्षणासाठी आलाय.